जिनिंगच्या रांगेतली रात्र

गावी गेले की आईचं दळण माझ्याकडे येतं. मागच्या महिन्यात गिरणीवर दादरचा, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचा, डबा लावून उभी होते. आत पट्टा फिरत होता, गरम पिठाचा वास दाटला होता आणि शेजारच्या माणसाचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात आबा बाजरीची थैली घेऊन आले. थैली खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता, पीठ पडणाऱ्या कापडी नळीकडे बघत त्यांनी विचारलं, "अपीलनी तारीख लागनी का वं माय?" मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय आबा?" म्हटलं, तर त्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले, जरा मोठ्यानं. "नाही अजून," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. माझं दळण झालं, मी डबा उचलून घरी आले. पण त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या डोळ्याला डोळा लागेना. ते ज्या अपिलाबद्दल विचारत होते, ते त्यांच्याच धाकट्या भावाच्या खुनासाठी जन्मठेप झालेल्या माणसाचं अपील आहे.

आबांनी हे का विचारलं असेल?

आमचं गाव पांझरेकाठचं. गाव आणि भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, यांच्या मधोमध एक नाला आहे. पावसाळा सोडला तर तो कोरडाच असतो, तरी लहानपणी आम्हाला तो ओलांडायची मुभा नव्हती. ज्याच्याबद्दल मी लिहिते आहे, तो त्या नाल्यापलीकडचा. आमच्याच गल्लीतल्या एका बागायतदाराकडे तो सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, आखाजीला संपायचं आणि त्याचं दरवर्षी त्याच घरी पुन्हा ठरायचं, इतका तो कामाला भरवशाचा. ट्रॅक्टर चालवायचा, मोटारी बघायचा, रात्रीचं पाणी द्यायचा. आबांच्या भावाशी त्याची पाण्याच्या पाळीवरून बाचाबाची झाली होती, ती सगळ्या गावानं ऐकली होती. त्यानंतर काही दिवसांनी, ऐन कापसाच्या हंगामात, आबांचा भाऊ सकाळी शेतात मरून पडलेला दिसला. दुपारपर्यंत गावानं ठरवून टाकलं होतं, कोण ते. पोलिसांना नाव कुणी सांगितलं याचा शोध घेण्यात अर्थ नाही, सगळ्यांनीच सांगितलं. भांडण कुणी आणखी कुणाशी केलं होतं का, हे विचारावं असं त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही. नाल्याच्या अलीकडच्या माणसाबद्दल आपण इतक्या झटकन खात्री धरली असती का, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही, आणि गावात मी तो विचारला की माणसं विषय बदलतात.

बघणारा साक्षीदार कुणीच नव्हता. एकानं सांगितलं की संध्याकाळी दोघांना बांधावर बोलताना पाहिलं. एक विळा जप्त झाला. भांडण तर होतंच. एवढ्यावर सत्र न्यायालयात जन्मठेप. निकालपत्राची नक्कल माझ्याकडे आली, कारण भिलाटीला इंग्रजी वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं आणि मी धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ते वाचता वाचता मी कायद्याची पुस्तकं उघडायला लागले. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर काय काय सिद्ध व्हावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा या आपल्याच महाराष्ट्रातल्या खटल्यात पाच कसोट्यांमध्ये सांगून ठेवलं आहे. न्यायालयानं त्यांना 'पंचशील' म्हटलं. प्रत्येक दुवा पक्का हवा, आणि सगळे दुवे जोडल्यावर आरोपी सोडून दुसऱ्या कुणाकडे बोट जाण्याची वाट उरता कामा नये. मी निकालपत्राच्या समासात पेन्सिलीनं खुणा करत गेले. संध्याकाळी बांधावर दोघं बोलत होते, आणि मरण मध्यरात्रीच्या सुमाराचं. मधल्या तासांत काय झालं, याबद्दल निकालपत्रात एक वाक्य नाही.

विळ्याचं मला जास्त लागतं. २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार आरोपीनं दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात यायचा. त्यासाठी सहसा पंच बसवतात. झडतीच्या पंचांबद्दल तर कायदा म्हणतो की ते त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत. आमच्याकडे पंच कसे होतात हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. गाडी येते, चौकात जे उभे असतील त्यांतल्या दोघांना बसवते. "करी टाक सही, काही व्हत नही." आपण ग्रामपंचायतीत, सोसायटीत, रेशनच्या दुकानात आयुष्यभर न वाचता सह्या केलेल्या असतात, तशीच ही एक. त्या दोघांतला एक आता आमच्याबरोबर असतो. तालुक्याला कागद पोचवायचा असला की मोटारसायकल काढतो, वकिलांकडे जायचं असलं की पेट्रोलचे पैसे घेत नाही. तो आला की मला अवघडल्यासारखं होतं. त्यानं कोर्टात उभं राहून, विळा आपल्यासमोर काढून दिला, असं सांगितलं आहे. आज ते फिरवायला गेला तर तो स्वतःच गुन्ह्यात सापडेल, असं वकिलांनी त्याला समजावलं. तेव्हापासून तो त्या दिवसाबद्दल बोलत नाही, फक्त धावपळ करतो. मी त्याच्याशी चांगलं वागते, पण त्याला मनातून माफ केलेलं नाही.

सुरुवातीला आमची समजूत अशी होती की गावाची साथ म्हणजे गावाच्या सह्या. भिलाटीतल्या पोरांनी वहीभर सह्या आणि अंगठे गोळा केले, गावातूनही पुष्कळ मिळाले, आणि आम्ही मोठ्या उमेदीनं ते निवेदन वकिलांसमोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, पानं उलटली आणि आदरानं परत दिलं. म्हणाले, "न्यायालय हे वाचू शकत नाही. त्या रात्री तो दुसरीकडे होता हे सांगणारी दोन माणसं आणा." त्या परतीच्या वाटेवर एसटीत कुणी बोललं नाही. ती वही अजून मोठीमायच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मोठीमाय म्हणजे त्याची आई. सगळी भिलाटी तिला याच नावानं हाक मारते. ती ते अंगठे अधूनमधून काढून बघते. न्यायालयाला उपयोग नसला तरी तिला आहे.

तो मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, की मी त्या रात्री जिनिंगच्या रांगेत होतो. मालकाचा कापूस ट्रॉलीत भरून तो संध्याकाळी उशिरा निघाला होता. त्या दिवसांत जिनिंगच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत येते हे खानदेशात कुणाला माहीत नाही? माणसं जाळीवर गोधडी टाकून कापसातच झोपतात, वर धुकं पडून गोधडी ओली होते. शेकोटी कापसाजवळ चालत नाही, म्हणून रस्त्याच्या पलीकडे पऱ्हाट्या पेटवतात आणि आळीपाळीनं शेकायला जातात, कारण गाडी सोडली की पुढचा मागे आणि मागचा पुढे व्हायला वेळ लागत नाही. चहावाला रात्रभर फिरतो. कुणी शेव-मुरमुरे काढतो, कुणी घरून बांधून आणलेली कळण्याची भाकर आणि ठेचा. भाव किती निघेल, ओलावा किती दाखवतील, याच्यावरच रात्र सरते. अशा रात्री शेजारच्या ट्रॉलीवाल्याशी सख्ख्या भावासारखं बोलणं होतं, आणि सकाळी गाडी खाली झाली की माणूस आपल्या वाटेला लागतो. नाव विचारायचं राहून जातं.

काटापावती मिळाली ती शिक्षा झाल्यानंतर. मालक पीककर्जाचे कागद शोधत होता, तेव्हा ती हिशेबाच्या वहीत टाचलेली निघाली. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, ट्रॅक्टरचा नंबर, तारीख, वेळ. दिवस उजाडल्यानंतरची वेळ. मालक ती घेऊन अंधार पडल्यावर भिलाटीत आला, मोठीमायच्या हातात दिली आणि उभ्याउभ्या परत गेला. तपासाच्या वेळी त्यानं एवढंच सांगितलं होतं की गाडी पाठवली होती, कधी पोचली ते मला ठाऊक नाही. ते खोटं नव्हतं. पण कोर्टकचेरीच्या भीतीनं त्यानं स्वतःची वहीसुद्धा उघडून बघितली नाही, आणि त्याच्या घरचं पाणी इतकी वर्षं ज्यानं रात्री-अपरात्री सोडलं, तो माणूस आत गेला. मला त्याचा राग आहे. पावती स्वतःच्या पायानं आणून दिल्याबद्दल मानही आहे. दोन्ही एकाच वेळी मनात असतात, त्याला इलाज नाही.

पावती सकाळचं सांगते, रात्रीचं नाही. रात्रीचं सांगायला माणसंच हवीत. म्हणून आमचं खरं काम सुरू झालं ते त्यानंतर. २०२४ पूर्वीच्या प्रकरणांना लागू असलेल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ नुसार अपिलाच्या टप्प्यावरही न्यायालय जादा पुरावा घेऊ शकतं. पण घेईलच असं नाही, आणि मागायचा तर हातात काहीतरी भक्कम पाहिजे. त्या दिवशी कुणाकुणाचा कापूस मोजला गेला, त्या गावांची नावं मालकानं आठवतील तेवढी सांगितली. भिलाटीतली पोरं, बायका, आमच्या गल्लीतले दोन निवृत्त कर्मचारी आणि मी, सुटीच्या दिवशी त्या गावांमध्ये जातो. पारावर बसायचं, पाणी प्यायचं, मग विचारायचं, "त्या साली कापूस कुठे दिला होता?" माणसं आधी सावध होतात. खुनाचं प्रकरण म्हटलं की घरातली बाई आतूनच, त्यांना काही माहीत नाही म्हणून ओरडते. मग कुणीतरी सांगतं की हो, एक भिलाचा पोरगा होता, शेजारीच त्याची ट्रॉली होती, रात्री त्यानं आमची ताडपत्री बांधायला मदत केली. नक्की तीच रात्र का? नक्की तोच पोरगा का? इथे येऊन गाडी अडते. इतक्या वर्षांनी रात्री एकमेकींत मिसळतात. एका म्हाताऱ्यानं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "सांगू तसं सांगतो, पोरगं सुटू दे." त्याला नमस्कार करून आम्ही उठलो. सांगू तसं सांगणाऱ्यांमुळेच हे सगळं झालं आहे. आपल्या बाजूनं असलं तरी ते नको, यावर मी हटून बसते, आणि भिलाटीतल्या काही तरुणांना माझा हा हट्ट आवडत नाही. त्यांचं म्हणणं, पलीकडच्यांनी नियम पाळले नाहीत, मग आपणच का? त्यांचा माणूस आत आहे, माझा नाही. त्यामुळे ते असं म्हणाले की मी वाद घालत नाही, पण म्हातारा मी साक्षीदारांच्या यादीत घेतलेला नाही.

आणि मलाही कधी कधी रात्री शंका येते. तो रांगेतून उठून गेला असेल का? अंतर काही फार नाही, आणि मी काही तिथे नव्हते. शंका आली की मी फाईल काढून पुन्हा वाचते. त्याची ट्रॉली तर रांगेतच होती, मग तो गेला कशानं, हे मनाशी मांडून बघते. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनाला तेवढाही नाही. तो स्पष्ट सांगतो की मला माहीत नाही, पण एवढ्याशा पुराव्यावर माझ्या पोराला आत टाकलं असतं तर मला चाललं नसतं. फाईलला नंबर घालण्याचं, तारखा लिहून ठेवण्याचं सगळ्यात चोख काम तोच करतो. साथ द्यायला आधी पक्की खात्री लागते असं मला वाटायचं. ह्या माणसाकडे बघून ते राहिलं नाही.

आमच्या घरी धुळ्याच्या तुरुंगाबद्दल फार आदरानं बोललं जायचं. १९३२ साली विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आजोबा इतक्या वेळा सांगायचे की लहानपणी मला तुरुंग म्हणजे मंदिरासारखीच काहीतरी जागा वाटायची. मोठीमायबरोबर पहिल्यांदा मुलाखतीला गेले, ते एका मोठ्या कारागृहात, लांब. आधार कार्डाची झेरॉक्स, नोंद, रांग, पुन्हा रांग. मुलाखतीला मिळालेली मिनिटं त्यातली निम्मी मोठीमायच्या रडण्यात गेली. तिनं विचारलं एवढंच, "उपाशी ते नही ना ऱ्हास तू?" तो नाही म्हणाला. मग त्यानं मला विचारलं, यंदा कापसाला भाव काय आहे. मी सांगितला. तो हिशेब करू लागला, मालकाच्या शेतात किती निघाला असेल, बोंडअळी होती का. आत राहून तो शेताच्याच वर्षात जगतो आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

भोकरदन आमच्यापासून फार दूर नाही. तिथे २००३ साली एका कुटुंबातल्या माणसांची हत्या झाली. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले गेले, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. त्याच न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मला त्या निकालातलं वेगळंच एक लागून राहिलं आहे. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. तिचं ते सांगणं कुणी पुढे नेलं नाही. जिच्या घरातली माणसं गेली, तिचाच शब्द फायलीत पडून राहिला. न्यायालयानं सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. ती नुकसानभरपाई न्यायालयानं दिली म्हणून मिळाली. अशा माणसांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद असावी, ही विधी आयोगाची शिफारस २०१८ च्या २७७ व्या अहवालात आहे, आणि ती तरतूद अजून झालेली नाही. आणि त्या बाईला काय मिळालं? तिच्या माणसांना कुणी मारलं, हे तिला सांगणारं कोण आहे?

तो संचित रजेवर, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या सुटीवर, घरी आला, तेव्हाची गोष्ट मला नंतर कळली. रजेच्या अर्जावर गावात चौकशी होते, पोलीस पाटलाचं म्हणणं घेतात आणि मयताच्या घरच्यांनाही विचारतात. गावात तंटा होईल असं त्यांनी सांगितलं की अर्ज बहुतेक तिथेच थांबतो. आबांना विचारलं तेव्हा त्यांनी लिहून दिलं, माझी हरकत नाही. घरातून त्यांना फार बोलणी खावी लागली. त्यांच्या भावजयीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिनं कुंकू गमावलं, तिच्या पोरांनी बाप गमावला. न्यायालयानं सांगितलं हाच तो, तर तिनं त्याला धरून ठेवलं. आम्ही फाईल घेऊन गावोगाव फिरतो तेव्हा तिला काय वाटत असेल? आमच्यातलं कुणी तिच्या दारात गेलेलं नाही. भिलाटीला आपण साथ देतो म्हणताना त्या घराला आपण एकटं पाडतो आहोत का, हे मी बैठकीत बोलून दाखवलं. बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. मग मोठीमाय म्हणाली, तिच्या पोरीच्या लग्नात आपण पाणी भरायला जाऊ, ती हाकलेल तर परत येऊ.

गिरणीनंतर दोन दिवसांनी मी आबांकडे गेले. ओट्यावर बसवून त्यांनी पाणी दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. अपील दाखल करून घेतलं आहे, अंतिम सुनावणीला वेळ आहे, जादा पुराव्याचा अर्ज करायचा आहे. ते ऐकत राहिले. म्हणाले की पहिल्या वर्षी मी त्याला स्वतःच्या हातानं मारलं असतं. नंतर विळा कोर्टात पाहिला. तो विळा त्यांना ओळखीचा वाटला नाही, आणि भिलाटीतला प्रत्येक विळा मला माहीत आहे, असं ते म्हणाले. तेव्हा ते कुणाजवळ बोलले नाहीत. पुढे ते अहिराणीतून मराठीत आले, जड गोष्ट बोलताना म्हातारी माणसं येतात तसे. "तो सुटला तर फाईल बंद होईल. तो आत राहिला तरी बंदच आहे. माझ्या भावाला कोणी मारलं, हे मला मरायच्या आधी कळेल का?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. निघताना त्यांनी सांगितलं की त्या रात्री रांगेत त्यांच्या व्याह्यांच्या गावच्या दोन ट्रॉल्या होत्या, त्या गावात आम्ही गेलो नसू तर जावं. आम्ही गेलो नव्हतो.

आमच्या भागाची अपिलं संभाजीनगरच्या खंडपीठात चालतात. धुळ्याहून चाळीसगाव, मग कन्नडचा घाट. घाटात गाडी अडकली होती तेव्हा त्याचा भाचा मला विचारत होता, याला औट्रम घाट का म्हणतात. मी त्याला सांगितलं, १८२५ साली ज्या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, त्याच्या नावावरून. तो खिडकीतून बघत म्हणाला, म्हणजे आमचा कागद जातो तोही त्याच्याच रस्त्यानं. वकील मोफत विधी सेवेतून मिळालेल्या आहेत, तरुण आहेत, आणि आम्हाला तासभर वेळ देतात. विधी सेवेचा वकील म्हणजे बिनकामाचा, असं गावात म्हणतात. त्यांनी आमच्या प्रत्येक कागदाला प्रश्न विचारले आहेत. घरात कुणी तुरुंगात असेल आणि पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला कुणी लाजू नये. कोठडीतल्या माणसाचा तो हक्क आहे.

बाकी खर्च सुटत नाहीत. नकला, टंकलेखन, गाडीभाडं, आतल्या कॅन्टीनसाठी मनीऑर्डर. भिलाटीतल्या बायका हंगामात एका दिवसाच्या वेचणीचे पैसे यासाठी देतात. किलोवर मजुरी, त्यामुळे त्या दिवशी त्या जास्तच वेचतात, बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात. यंदा मात्र बैठकीत वाद झाला. तरुणांचं म्हणणं, सुनावणी कधी येईल ते सांगता येत नाही, त्याची पोरगी दहावीत गेली आहे, हे पैसे तिच्या धुळ्यातल्या राहण्याला द्यावेत. मोठीमाय तयार होत नव्हती, एक पैसाही खटल्यातून कमी करायचा नाही म्हणत होती. शेवटी पोरीनंच सांगितलं की ती माझ्या घरी राहील, भाडं लागणार नाही. माझ्या घरात जागा आहे. वेचणीचा दिवस पुढच्या गुरुवारचा ठरला, आणि रविवारी आबांच्या व्याह्यांच्या गावाला जायचं आहे. मोटारसायकल तोच पंच काढणार आहे.